वेताळ मराठीत लवकर आला

सुट्टीत नाशिकच्या एखाद्या घरात दहा-बारा वर्षांची चार पोरं मुक्कामाला जमली, की रात्री दिवा मालवून कोणीतरी सुरू करतंच, "आमच्या गावाला ना, एकदा..." मग पिंपळावरचा मुंजा, विहिरीतल्या आसरा, वाट चुकवणारा चकवा. घडलेलं असतं काकांच्या मित्राला. सांगणाऱ्याला कधीच नाही.

हे खूळ मोबाइलने लावलं, असं पालकांना वाटतं. खूळ बरंच जुनं आहे, आणि त्याचा एक धागा आपल्याच गोदावरीच्या काठाने जातो. दंतकथा अशी, की सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने पैशाचीत, म्हणजे पिशाचांच्या बोलीत, 'बृहत्कथा' लिहिली, तीही स्वतःच्या रक्ताने. राजाने नाक मुरडलं. तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. या सातवाहनांची राजधानी पैठण, नाशिकहून खाली वाहत जाणाऱ्या याच नदीवर. पांडवलेण्यांत त्यांचे शिलालेख आहेत. त्यांत दानं आहेत, पराक्रम आहेत, पिशाच एकही नाही! मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्याच परंपरेतून 'कथासरित्सागर' रचला, आणि वेताळाच्या गोष्टी त्यात आहेत.

छापील मराठीत वेताळाला फार ताटकळावं लागलं नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये मुलांसाठी 'बाळमित्र' आणि इसापनीती मराठीत आणली, आणि १८३० मध्ये 'वेताळपंचविशी'. बोधकथा आणि वेताळ एकाच लेखणीतून! नाशिकचं सार्वजनिक वाचनालय त्यानंतरचं, १८४० चं. पुढे 'चांदोबा'ने विक्रम-वेताळ घरोघरी नेले. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी न्यायाचं कोडं असे. माझा संशय असा, की कोडं पोरं घाईघाईत उरकत. राजाचं मौन सुटतं आणि प्रेत पुन्हा झाडाला लटकतं, हे दरवेळी ठाऊक असूनही डोळे तिथेच लागलेले.

नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या भय-गूढकथा खरं तर मोठ्यांसाठी. मतकरींची बालनाट्यं वेगळी. पण घरात आलेलं पुस्तक कोणाच्या उशीखाली जाईल, यावर लेखकाचा ताबा नसतो.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गोष्टीतलं भूत त्या मांत्रिकाच्या भुतापेक्षा सभ्य: पुस्तक मिटलं की गप्प बसतं. तरी मोरीपर्यंत जायला सोबत लागतेच.