तुळस घरी नेताना

राम कृष्ण हरी, माउली.

आमच्या रोपवाटिकेत हळू आवाजात विचारला जाणारा एक प्रश्न ठरलेला आहे. "आमची तुळस वाळली हो, काही वाईट तर होणार नाही ना?" विचारणारी बहुधा सूनबाई असते आणि सासूबाई मागे गप्प उभ्या असतात. त्यांना आम्ही जे सांगतो, तेच या कागदावर लिहून देत आहोत.

तुळस हे साधारण दोन-तीन वर्षांचं झाड. मंजिऱ्या पिकल्या, खोड लाकडासारखं कडक झालं, पानं बारीक यायला लागली की तिचं वय झालं असं समजा. यात अपशकुन नाही आणि कुणाचं पापही नाही. पण त्यानंतर वृंदावन रिकामं राहिलं, तर ती हयगय आपली. जाण्याआधी ती शेकडो बिया देऊन गेलेली असते.

वाळलेली तपकिरी मंजिरी तळहातावर चोळा आणि हलकी फुंकर मारा. फोलपटं उडून जातात आणि मोहरीपेक्षाही बारीक दाणे हातावर उरतात. ते कागदाच्या पुडीत ठेवा. चैत्र ते ज्येष्ठ या दिवसांत कुंडीत भुरभुरा, वर चिमूटभर चाळलेली माती टाका. पाणी ओतू नका, शिंपडा. ओतलंत तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात, चार-सहा पानं आली की रोप वृंदावनात लावा. आजीच्या तुळशीची लेक, तिची लेक, अशी एकाच घरात चालत आलेली तुळस बघितली की आम्हाला फार बरं वाटतं. आमची विक्री त्यामुळे कमी होते, ती खुशाल होऊ द्या.

एक कळकळीची विनंती तुळशीच्या लग्नाबद्दल. कार्तिक शुद्ध द्वादशी ते पौर्णिमा आमच्याकडे गर्दी असते. त्यावेळी नेलेली पुष्कळ रोपं पौषापर्यंत जातात, कारण मुळं धरायच्या आत थंडी येते. रोप आषाढ-श्रावणात न्या. चार महिने तिला वाढवा, मग ऊस-आवळा-चिंच मांडून, अंतरपाट धरून तिचं लग्न लावा. लग्न घरच्या लेकीचं लावायचं असतं.

वृंदावनाच्या तळाला भोक आहे का, ते आधी बघा. सिमेंटच्या तयार वृंदावनांत पुष्कळदा ते नसतंच. रोज सकाळी लोटीभर पाणी घालण्याची रीत मोडायला नको, पण पावसाळ्यात माती ओली असेल तर पळीभर पाणी पुरे. मुळं कुजून जितक्या तुळशी जातात तितक्या उन्हानं जात नाहीत. दूध घालू नका, मुंग्या लागतात. हळदकुंकू खोडाशी न टाकता वृंदावनाच्या भिंतीला वाहा. दिवा कोनाड्यात ठेवा. उदबत्ती मातीत खोचलेली आम्हाला बघवत नाही, कोवळ्या फांद्या होरपळतात. फ्लॅटमध्ये असाल तर पाच-सहा तास ऊन येईल तोच कोपरा तिचा. हिरवी राम तुळस घ्या की जांभळट कृष्ण तुळस, निगा एकच.

पानं खुडण्याचे जुने नियम नीट पाहिले तर झाडाला जपणारेच आहेत. सूर्यास्तानंतर खुडत नाहीत, द्वादशीला खुडत नाहीत, नख लावत नाहीत. नमस्कार करून दोन पानांचा शेंडा अलगद घ्यावा. तिथे दोन फांद्या फुटतात. नैवेद्यावर एक पान पुरतं. तुळस शिळी होत नाही असं मानलं जातं, त्यामुळे आदल्या दिवशीचं पान धुऊन वाहिलं तरी चालतं. गणपतीला मात्र एरवी तुळस वाहत नाहीत. गणेश चतुर्थीच्या पत्रीत तेवढी असते.

झाड पुरतं वाळलं की कचऱ्यात टाकू नका. काही घरांत तिची काष्ठं अंत्यविधीसाठी जपून ठेवतात. आमच्याकडे आणून दिलीत तर आम्ही त्यांचे मणी करतो. माळेसाठी आम्ही हिरवी तुळस कापत नाही.

माळेविषयी थोडं. तुळशीचं खोड बारीक, म्हणून मणीही बारीक आणि एकमेकांहून थोडे वेगळेच निघतात. बोराएवढे, एकसारखे, गडद रंगाचे मणी कुणी तुळशीचे म्हणून दिले तर शंका घ्या. घमघमाट येत असेल तर अत्तर लावलंय; सुकलेलं लाकूड इतका वास देत नाही. आम्ही १०८ मणी आणि मेरुमणी ओवून देतो, गळ्यात घालत नाही. तो मान तुमच्या फडावरच्या, म्हणजे वारकरी मंडळीतल्या, जाणत्या वारकऱ्याचा. माळ घालायची म्हणजे मांस-मद्य सोडायचं, एकादशी करायची, पंढरीची वारी करायची. म्हणून लग्नात आहेर द्यायला पन्नास माळा कुणी मागितल्या तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्या माळकऱ्यांनी विमानतळावरच्या अर्जात लाकडी वस्तू म्हणून माळेची नोंद आवर्जून करावी.

मागच्या वारीत एक म्हातारे बाबा आले होते. दोरा झिजून तुटलेला, मणी धोतराच्या सोग्यात बांधलेले. घामानं आणि बोटांनी मणी इतके गुळगुळीत झाले होते की ओवताना सुईवरून निसटत होते. चहा पुढे केला तर त्यांनी हात जोडले; गळ्यात माळ नसताना ते पाणीसुद्धा घेत नव्हते, आणि सकाळपासून चालत आले होते.

म्हणून माळ तुटली तर दुकान बंद दिसलं तरी मागच्या दाराची कडी वाजवा. ओवून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.