गाडीतलं विंटर किट

विंटर किट म्हणजे बर्फ पडणाऱ्या भागात हिवाळाभर गाडीत ठेवायचं आणीबाणीचं सामान. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात ही पद्धत चांगली रुळलेली आहे, नोव्हेंबर आला की स्नो टायर चढतात आणि त्याच सुमारास डिकीत एक पेटी जाते. मिशिगन, मिनेसोटा, बफेलो, टोरांटो इकडे आता मराठी घरं भरपूर आहेत, नवीन आलेल्या माणसाला जॅकेट कुठलं घ्यायचं, बूट कुठले घ्यायचे हे सगळे सांगतात पण गाडीत काय ठेवायचं हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून ही नोंद तिकडच्या हिवाळ्याला धरूनच लिहिली आहे.

किटमधलं निम्मं सामान रुतलेली गाडी बाहेर काढायला असतं आणि निम्मं, गाडी निघालीच नाही तर आत रात्र काढायला. लोक पहिलं निम्मं हौसेनं घेतात आणि दुसरं विसरतात, आणि तेच जिवावर बेतू शकतं.

लोक अडकतात कुठे

असं वाटतं की डोंगरात, कुठल्यातरी आडरस्त्यावर. पण २०११ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या लेक शोर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर बर्फात अडकल्या होत्या, म्हणजे समोर उंच इमारतींचे दिवे दिसतायत आणि गाडी जागची हलत नाहीये. १९७८ च्या वादळात बॉस्टनला वळसा घालणाऱ्या रूट १२८ वर तीन हजारांच्या वर गाड्या बर्फाखाली गेल्या. २०२२ च्या ३ जानेवारीला व्हर्जिनियात आय-९५ हायवेवर फ्रेडरिक्सबर्गजवळ आधी पाऊस पडला, त्यामुळे बर्फ रस्त्याला चिकटू नये म्हणून मिठाचं पाणी आधीच मारून ठेवतात तेही जमलं नाही, ते वाहून गेलं असतं, मग जोरात बर्फ आला, ट्रक आडवे झाले आणि काही लोक चोवीस तासांहून जास्त वेळ गाडीतच होते. सिनेटर टिम केन पण त्यात होते, त्यांना नेहमीच्या दोन तासांच्या प्रवासाला सत्तावीस तास लागले. त्या रांगेत एका बेकरीचा ट्रक अडकलेला होता, त्यातला ब्रेड मालकाच्या परवानगीनं आजूबाजूच्या गाड्यांत वाटला गेला, कारण बऱ्याच जणांकडे खायला काहीच नव्हतं. आणि २०२२ च्याच डिसेंबरात बफेलोला नाताळच्या वादळात चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही गाड्यांत सापडली. एरी तलावावरून येणारा वारा तिथे तासाभरात समोरचं दिसेनासं करतो.

सायलेन्सर आणि फावडं

अडकल्यावर माणूस काय करतो, इंजिन चालू ठेवतो आणि हीटर लावतो. बाहेर बर्फ साठत जातो, मागे सायलेन्सरचा पाइप बुजतो, आणि धूर बाहेर जायच्या ऐवजी गाडीखालून आत यायला लागतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते, आणि थंडीनं दमलेल्या माणसाला झोप येण्यात काही वावगं वाटत नाही. १९७८ ला रूट १२८ वर काही जण असेच गेले. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त लोक दगावले, तिथेही थंडीबरोबर या वायूचं नाव पुढे आलं होतं.

म्हणून फावडं हे किटमधलं पहिलं सामान. इंजिन सुरू करायच्या आधी दर वेळी खाली उतरून पाइपच्या भोवतीचा बर्फ काढायचा, तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवायचं, आणि तेवढा वेळ वारा ज्या बाजूनं येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. असं केलं तर अर्ध्या टाकीवर अख्खी रात्र आणि वर दुसरा दिवसही निघतो, हिवाळ्यात टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये असं म्हणतात ते यासाठीच.

फावडं घडीचं, मजबूत दांड्याचं घ्यावं, प्लास्टिकचं स्वस्तातलं घट्ट बर्फावर तडकतं. आणि ते डिकीत ठेवू नये, मागच्या सीटच्या पायाशी ठेवावं. आमच्याकडे एकदा रात्री फ्रीझिंग रेन, म्हणजे पडल्या पडल्या गोठणारा पाऊस झाला, सकाळी डिकीच्या कडेनं बोटाएवढा बर्फाचा थर, झाकण उघडेना, आणि फावडं आत. शेवटी मागची सीट पाडून हात खांद्यापर्यंत आत घालून ते ओढून काढलं. बाहेर उणे अठरा होतं, घराच्या दारात होतो म्हणून बरं.

बाकीचं सामान

काच खरवडायचा स्क्रेपर आणि लांब दांड्याचा ब्रश लागतोच, टपावरचा बर्फ पण काढावा नाहीतर ब्रेक मारल्यावर तोच घसरून पुढच्या काचेवर येतो. चाक जागच्या जागी फिरत असेल तर खाली टाकायला वाळूची पिशवी किंवा मांजराच्या शौचाला वापरतात ती माती, पण ती गोळे न होणारी घ्यावी, गोळे होणारी ओली झाली की चिखलासारखी निसरडी होते. मीठ टाकून भागत नाही, साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली जवळपास निकामी होतं. टो-रोप (गाडी ओढायचा दोर), परावर्तक त्रिकोण, डोक्याला बांधायचा टॉर्च (हात मोकळे राहतात), शिट्टी, फर्स्ट एडचा डबा, घरातल्या प्रत्येकाची रोजची औषधं. लाल किंवा केशरी कापडाचा एक तुकडा, जो आधी अँटेनाला बांधायचे, आता गाड्यांना तशी अँटेना नसते तर काचेत अडकवून बाहेर लोंबता ठेवावा, बर्फ काढणाऱ्या ट्रकला गाडी दिसली पाहिजे.

पांघरायला लोकरीची घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग, माणशी एक. आपली सोलापुरी चादर सुती, ओली झाली की ऊब देत नाही, लोकर ओलसर झाली तरी थोडीफार देते. जास्तीचे मोजे, हातमोजे, कानटोपी आणि बूट, कारण पार्टीला किंवा देवळात जाताना पायात साधे शूज असतात आणि नेमकं तेव्हाच अडकायला होतं.

कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात जाड मेणबत्त्या आणि काडेपेटी, हा मिनेसोटाकडचा जुना नुस्खा. बंद गाडीत एक मेणबत्तीही हवा बऱ्यापैकी सुसह्य करते (काच थोडी उघडी हवीच), आणि त्याच डब्यात बर्फ वितळवून पाणी करता येतं. बर्फ तसाच खाऊ नये, तो वितळवायला अंगातलीच ऊब खर्च होते.

पाण्याच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरू नयेत, गोठताना पाणी फुगतं आणि बाटली फुटते. खाण्यात बाजारातले प्रोटीन बार थंडीत दगड होतात, चिक्कीचंही तेच, दात लागत नाही. दाणे, खारीक, बेदाणे, खाकरे, शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू हे उणे वीसलाही खाता येतं.

बॅटरी

थंडीत गाडी बंद पडायचं मुख्य कारण बॅटरी. उणे अठराला साध्या लेड-ॲसिड बॅटरीची ताकद निम्म्याहून खाली येते आणि इंजिनातलं तेल घट्ट झाल्यामुळे तिला जोर मात्र जास्त लावावा लागतो. जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करायच्या (जंप द्यायच्या) लाल-काळ्या तारा, लावताना लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीवर नाही, कारण तिथे ठिणगी पडू शकते. बॅटरी गोठून फुगलेली दिसली तर जंप देऊच नये, फुटते. फोन आणि पॉवर बँक अंगाशी, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावेत, गार झाले की चार्ज असूनही बंद पडतात.

ठिकाणानुसार फरक

कॅलिफोर्नियाच्या सिएरा डोंगरात बर्फाच्या दिवशी चेन (चाकांना बांधायच्या साखळ्या) बरोबर नसेल तर पुढे सोडत नाहीत. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च स्नो टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. लडाखमध्ये वेगळीच अडचण, तिथे साधं डिझेलच टाकीत घट्ट होतं, म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं विंटर ग्रेड डिझेल तिथे आणलं, आणि डिझेल गाडीनं खालून जाणाऱ्यांनी वर पोचल्यावर तेच भरून घ्यावं.

वसंत आला की खाणं आणि औषधं काढून घ्यावीत, उन्हात तापलेल्या गाडीत ती खराब होतात. फावडं आणि घोंगडी मात्र मिनेसोटात एप्रिल संपेपर्यंत गाडीतच राहू द्यावी, तिथे एप्रिलातही फूट-फूट बर्फ पडलेला आहे.