संग्राह्य वस्तूंची परदेश पाठवणी, कोल्हापूर

जुनी नाणी, तिकिटे, चित्रपटांची पोस्टरे व गाण्यांच्या पुस्तिका, चित्रे, पितळी मूर्ती, वाद्ये इत्यादी वस्तू परदेशी ग्राहकाला विकून पाठवताना पाळावयाच्या सीमाशुल्क व अनुषंगिक नियमांचा व्यवहार. नियम देशभर एकच आहेत. कोल्हापुरात मात्र वस्तूचे वय हा प्रश्न नेहमीपेक्षा अवघड होतो, कारण इथला बराचसा माल नेमका कायद्याने आखलेल्या कालरेषांच्या आसपास पडतो.

कायद्याची चौकट : पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्यापूर्वी १९४७ चा निर्यात-नियंत्रण कायदा होता. १९७२ च्या कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी नाणी, शिल्पे, चित्रे व कारागिरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्‌मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेली हस्तलिखिते, अभिलेख व इतर दस्तऐवज यांना ७५ वर्षांचीच मर्यादा आहे. पुरावस्तूची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्थाच करू शकते. उल्लंघनास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. राजा रविवर्मा यांच्यासारख्या काही दिवंगत चित्रकारांच्या कलाकृती कलानिधी म्हणून घोषित असल्याने त्यांना वयाची अट लागत नाही.

कालरेषा दर वर्षी एक वर्ष पुढे सरकते. पंचम जॉर्जचा १९२० चा चांदीचा रुपया २०१९ पर्यंत बाहेर पाठवता येत होता. २०२० पासून तो पुरावस्तू आहे. जुन्या याद्या पाहून माल पाठवणारे इथेच फसतात. शिवराई या मराठेशाहीतील तांब्याच्या नाण्याबाबत असा संभ्रम नाही; ते शंभरीपारच. ब्रह्मपुरी टेकडीच्या परिसरातून ज्ञात झालेल्या विळिवायकुर, शिवलकुर इत्यादी ‘कुर’ राजांच्या नाण्यांचा काळ व सातवाहनांशी त्यांचे नाते यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक हा ढोबळ काळ बहुधा स्वीकारला जातो. कोणत्याही मताने ती शंभरीपारच असल्याने सीमाशुल्काच्या दृष्टीने या वादाला अर्थ नाही. शिवाय जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

चित्रपट-कागदाचे वय : बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी (स्थापना साधारण १९१७-१८, साधनांत एकवाक्यता नाही) आणि १९२९ मध्ये कोल्हापुरात निघून १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात यांच्यामुळे इथला मूकपट व आरंभीच्या बोलपटांचा कागद संग्राहकांना मोलाचा वाटतो. भारतातील उपलब्ध सर्वांत जुने चित्रपट-पोस्टर म्हणून अनेकदा १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे नाव घेतले जाते, ते २०२४ मध्ये शंभरीला पोहोचले. प्रभातच्या कोल्हापूर-काळातील कागदाने मात्र ७५ ची रेषा केव्हाच ओलांडली असून शंभरीची रेषा गाठायला त्याला २०२९ उजाडेल. म्हणून छापील पुस्तिका ‘दस्तऐवज’ मानायची की ‘कलाकृती’, यावर निर्यात अवलंबून राहते. एक वाचन असे, की ‘हस्तलिखित, अभिलेख’ यांच्या पंगतीला बसलेला ‘दस्तऐवज’ हा शब्द हजारो प्रतींत छापलेल्या पुस्तिकेला लागू होऊ नये. दुसरे वाचन व्यापक आहे. वाङ्‌मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असणे त्याला पुरते. पोस्टरबाबत पहिले वाचन अधिक पटते, गाण्यांच्या पुस्तिकेबाबत दुसरे गृहीत धरून चालणे शहाणपणाचे. वस्तू पुरावस्तू आहे की नाही, याविषयी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम असतो.

साल न छापलेल्या कागदाचे वय काही खुणांवरून ठरवता येते. प्रभातच्या कागदावर कोल्हापूरचा पत्ता असला तर तो सामान्यतः १९३३ पर्यंतचा. किंमत आण्यांत असली तर बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. ‘नये पैसे’ असली तर १९५७ ते १९६४ मधला, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत दोन्ही रेषांच्या निर्धोक बाजूला. मुद्रकाचे नाव व ठिकाण छापणे १८६७ च्या कायद्याने (तो २०२४ मध्ये रद्द होईपर्यंत) बंधनकारक असल्याने तळाची ओळ कापलेले पोस्टर संशयास्पद ठरते, आणि फ्रेम करताना नेमकी तीच ओळ कापली जाते. पुनर्प्रदर्शनासाठी नव्याने छापलेल्या पोस्टराला चित्रपटाचे साल लावू नये. वय मोजायचे ते त्या कागदाचे. आबालाल रहिमान यांच्या साल नसलेल्या चित्रांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. त्यांचे निधन १९३१ मधले, म्हणून त्यांचे प्रत्येक चित्र फार तर २०३१ पर्यंत पुरावस्तू होईल.

शंका असल्यास सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नसल्याचे’ प्रमाणपत्र घ्यावे. अर्जासोबत वस्तूचे सर्व बाजूंनी काढलेले स्पष्ट फोटो, मापे, धातू वा माध्यम आणि खरेदीची पावती असावी. जुन्या वळणाच्या नव्या पितळी मूर्तींनाही हे प्रमाणपत्र उपयोगी पडते. अशा मूर्तीच्या बिलावर ‘अँटिक फिनिश’ असे लिहिणे ही नेहमीची चूक आहे: ‘अँटिक’ शब्द दिसला की पार्सल तपासणीला बाजूला पडते. ‘नवीन, पितळ, काळपट मुलामा’ असे लिहावे.

प्राणिज व वनस्पतिज भाग : हस्तिदंत व सांबरशिंग वन्यजीव कायद्याखाली निर्यातीस बंद. जुन्या मिरज घडणीच्या सतारी-तंबोऱ्यांची घोडी कधी सांबरशिंगाची असते, तर जडावकाम हस्तिदंती असू शकते. विक्रीपूर्वी जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. शिसवी व शिशम ही डालबर्जिया प्रजातीतील लाकडे सायटीस या धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये २ जानेवारी २०१७ पासून आहेत; तयार वाद्यांना नंतर सूट मिळाली.

कागदपत्रे व मार्ग : विक्रीसाठी पॅनवर आधारित दहा अक्षरी आयात-निर्यात कोड लागतो. टपालाने पाठवताना डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर टपाल निर्यात बिल भरून पार्सल रमणमळ्यातील मुख्य टपाल कार्यालयासारख्या ठिकाणी देता येते. कुरिअरने व्यापारी माल सीएसबी-पाच या घोषणापत्रावर जातो. त्यासाठी बँकेचा एडी कोडही (परकीय चलनाच्या व्यवहारास अधिकृत शाखेचा क्रमांक) नोंदवावा लागतो. जीएसटी नोंदणी असलेल्याने एलयूटी हे हमीपत्र भरल्यास कर न भरता निर्यात होते. विकलेली वस्तू ‘भेट’ म्हणून दाखवणे हे खोटे घोषणापत्र ठरते आणि नुकसान झाल्यास भरपाईही घोषित किमतीपुरतीच मिळते. बिनविम्याच्या टपालात नाणी चालत नाहीत.

यांपैकी बऱ्याच वस्तूंचे वर्गीकरण सीमाशुल्क दरपत्रकाच्या प्रकरण ९७ मध्ये होते : हाताने काढलेली चित्रे ९७०१, मूळ शिळाछाप ९७०२, तिकिटे ९७०४, नाणकशास्त्रीय व ऐतिहासिक संग्रह-वस्तू ९७०५, इतर शंभरीपार वस्तू ९७०६. यंत्रावर छापलेले साधे पोस्टर प्रकरण ४९ मध्ये जाते. वर्णन ‘जुना कागद’ असे मोघम नसावे. ‘छापील चित्रपट-पुस्तिका, १९५८, एक नग’ असे असावे.

ग्राहकाचा देश : अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबली. २६ जुलै २०२४ रोजी भारत-अमेरिका सांस्कृतिक मालमत्ता करारही झाला. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून कमी किमतीच्या मालावरही व्हॅट लागतो. तिथेच २८ जून २०२५ पासून २५० वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना आयात परवाना हवा. शुल्क कोण भरणार हे विक्रीआधीच लिहून ठरवावे. न ठरल्यास ग्राहक पार्सल नाकारतो.

बांधणी : ३० × ४० इंची पोस्टर आम्लरहित कागदात गुंडाळून जाड नळीत घालतात. ८५ × १२ × १२ सेंमी नळीचे प्रत्यक्ष वजन किलोभर असले, तरी सेंमीतील लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागण्याच्या कुरिअर-रीतीने सुमारे २.४५ किलोचे भाडे लागते. मूर्तीच्या पेटीला ६ मिमीहून जाड कच्चे लाकूड वापरल्यास ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे उष्णता दिल्याचा आयएसपीएम-१५ (लाकडी बांधणीचे आंतरराष्ट्रीय मानक) शिक्का हवा; प्लायवूडला तो लागत नाही.

परत आलेला माल : तीन वर्षांच्या आत परतल्यास २०१७ च्या ४५ क्रमांकाच्या सीमाशुल्क अधिसूचनेखाली आयात शुल्कात सवलत मिळते, पण तीच वस्तू परत आल्याचे पटवावे लागते. त्यासाठी मूळ निर्यात बिलावर डाग, घड्या, फाटलेला कोपरा यांची नोंद करून पाठवण्यापूर्वीचे फोटो जोडून ठेवतात.