ड्यूसेनबर्ग ‘मॉडेल जे’ : शर्यतीच्या कारखान्यातून आलेले ऐश्वर्य

१ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात ड्यूसेनबर्ग या अमेरिकन कंपनीची ‘मॉडेल जे’ ही मोटार प्रथम लोकांसमोर आली. त्या काळी फोर्डची नवी गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असे. ‘जे’च्या नुसत्या चॅसीची, म्हणजे इंजिन, चाके आणि सांगाड्याची, किंमत ८,५०० डॉलर होती. आज या गाडीविषयी बोलताना चित्रपटतारे आणि राजेरजवाडेच आठवतात. तिची खरी पूर्वपीठिका मात्र शर्यतीच्या मैदानावर घडलेली आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय एवढ्या किमतीचा अर्थ लागत नाही.

फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधू जर्मनीत जन्मले आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेतील आयोवा राज्यात आले. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण न घेतलेला फ्रेड सायकली बनवता बनवता मोटारींकडे वळला आणि पुढे दोघांनी शर्यतीच्या इंजिनांत नाव कमावले. १९२१ मध्ये फ्रान्समधील ल मां येथे झालेली ग्रां प्री जिमी मर्फीने ड्यूसेनबर्ग गाडीतून जिंकली. युरोपातील ही मानाची शर्यत अमेरिकन गाडीने जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या गाडीच्या चारही चाकांना द्रवदाबावर चालणारे ब्रेक होते. त्याच वर्षी बाजारात आलेल्या ‘मॉडेल ए’ या त्यांच्या पहिल्या प्रवासी गाडीलाही असेच ब्रेक होते. इतर अनेक कंपन्यांना ते आपल्या गाड्यांत आणायला पुढे कित्येक वर्षे लागली. १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही ड्यूसेनबर्गने जिंकली. त्यांपैकी १९२४ ची विजेती गाडी सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, लावलेली होती.

मैदानावर असे यश मिळत असताना हिशेबाच्या वहीत मात्र खड्डा पडत होता. दोघे बंधू असामान्य कारागीर होते, पण व्यापार त्यांना कधीच साधला नाही, असेच म्हणावे लागते. ‘मॉडेल ए’ जेमतेम साडेसहाशेच्या आसपास बनली आणि १९२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. १९२६ मध्ये ऑबर्न कंपनीचा प्रमुख एरेट लोबन कॉर्ड याने ती विकत घेतली आणि अमेरिकेतील सर्वांत उत्तम मोटार तयार करण्याचे काम फ्रेडवर सोपवले.

त्यातून जन्मलेल्या ‘जे’च्या आठ सिलिंडरांच्या, ६.९ लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह (झडपा) आणि त्यांची उघडझाप करणारे दोन कॅमशाफ्ट वर होते. ही रचना तेव्हा शर्यतीच्या गाड्यांतच दिसत असे. कंपनीने जाहीर केलेली २६५ अश्वशक्ती बाजारातील इतर अमेरिकन गाड्यांच्या दुपटीहून अधिक होती. आराखडा फ्रेडचा आणि उत्पादन लायकॉमिंग कंपनीचे, अशी व्यवस्था होती. चॅसी विकत घेतल्यावर गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून वरची बॉडी बांधून घेई. पॅसाडीनाच्या मर्फी या कोचबिल्डर कंपनीच्या बॉडींना विशेष मागणी होती आणि गॉर्डन ब्युरिगसारखा तरुण रचनाकार कंपनीतच बॉडींचे आराखडे करत होता.

वर्षभरातच ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला. बऱ्याच चॅसी सुरुवातीच्या काळातच तयार झालेल्या होत्या आणि त्यांना गिऱ्हाईक मिळायला पुढची अनेक वर्षे जावी लागली. अशा पडत्या काळातही १९३२ मध्ये सुपरचार्जर बसवलेली, ३२० अश्वशक्तीची ‘एसजे’ आली, यात मला या घराण्याचा स्वभाव स्पष्ट दिसतो : अडचणीतही त्यांचे उत्तर अधिक चांगले इंजिन हेच होते. त्याच वर्षी जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियात गाडी चालवताना फ्रेडला अपघात झाला आणि काही आठवड्यांतच त्याचा मृत्यू झाला. ऑगस्टने काम पुढे चालू ठेवले. १९३५ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर अ‍ॅब जेन्किन्सने ड्यूसेनबर्गची खास बांधलेली गाडी चोवीस तास ताशी सरासरी सुमारे २१८ किलोमीटर वेगाने पळवली.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गाडी याच काळातली आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी लांब चॅसीवरची ‘एसजे’ घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कोचबिल्डरकडून बांधून घेतली. सुमारे ३.९ मीटर अंतराच्या दोन आसांवर केवळ दोन माणसांची बैठक आणि नारिंगी-काळा रंग, अशी ती गाडी आहे. माणिकबाग राजवाडा आधुनिक शैलीत उभारणाऱ्या या राजाची दृष्टी तिच्या प्रत्येक रेषेत जाणवते.

१९३७ मध्ये कॉर्डचा उद्योगसमूह कोलमडला आणि ड्यूसेनबर्गचे उत्पादन थांबले. तोवर ‘जे’ मालिकेतील सुमारे ४८० गाड्या बनल्या होत्या. गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल या हॉलिवूडच्या नटांनी वापरलेल्या, आखूड चॅसीवर बांधलेल्या दोन गाड्यांपैकी कूपरची गाडी २०१८ मध्ये लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली. मूळ मालकांनी आणि नंतरच्या व्यापाऱ्यांनी एका चॅसीवरची बॉडी काढून दुसरीवर चढवण्याचे प्रकार अनेकदा केले, त्यामुळे अभ्यासक आजही एखाद्या गाडीची ओळख पटवताना चॅसी आणि इंजिन यांवरील क्रमांक आधी तपासतात.