‘फिफ्टी’ आणि ‘मिनिमम्स’: आवाज एकच, उंची वेगळी

सिम्युलेटरमध्ये एअरलाइनर उतरवताना कॉकपिटमधला आवाज आकडे सांगत जातो: ‘फाइव्ह हंड्रेड’, ‘वन हंड्रेड’, ‘फिफ्टी’, ‘फोर्टी’, ‘थर्टी’. मध्येच तोच आवाज ‘मिनिमम्स’ म्हणतो, म्हणजे धावपट्टी दिसत नसेल तर उतरणं सोडून पुन्हा वर जायची ठरलेली किमान उंची आली. आवाज एकच, त्यामुळे मागची उंचीही एकच असेल असं वाटतं. तसं नसतं. आकडे रेडिओ अल्टिमीटरवरून (अल्टिमीटर म्हणजे उंची मोजणारं उपकरण) येतात. ‘मिनिमम्स’ मात्र बहुतेक ॲप्रोचना (धावपट्टीकडे उतरत येण्याच्या ठरलेल्या मार्गांना) हवेच्या दाबावर चालणाऱ्या, म्हणजे बॅरो अल्टिमीटरवरून येतं.

रेडिओ अल्टिमीटर विमानाच्या पोटाखालून जमिनीकडे लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून अंतर काढतो. त्याची धाव साधारण २५०० फुटांपर्यंत. म्हणूनच बऱ्याच विमानांत पहिला कॉलआउट (आवाजातली सूचना) ‘ट्वेंटी फाइव्ह हंड्रेड’ असतो. समुद्रसपाटी कुठे, धावपट्टी कुठे, हे त्याला ठाऊक नसतं. या क्षणी खाली जे आहे, तिथपर्यंतचंच अंतर तो सांगतो. बॅरो अल्टिमीटरला उलट जमीन दिसतच नाही. तो बाहेरचा दाब मोजतो आणि तुम्ही लावलेल्या क्यूएनएचच्या (त्या ठिकाणच्या, समुद्रसपाटीला धरून सांगितलेल्या हवेच्या दाबाच्या) आधारे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो.

डेन्व्हरचा विमानतळ सुमारे ५,४०० फुटांवर आहे. तिथे ‘फाइव्ह हंड्रेड’ ऐकू येतं तेव्हा पडद्यावरची बॅरो उंची ५,९००च्या आसपास असते. ॲम्स्टरडॅमचा स्किपोल समुद्रसपाटीच्या थोडा खाली आहे, तिथे दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. स्किपोलसारख्या ठिकाणीच सराव केला तर हा फरक कधी जाणवतच नाही.

खरी गंमत क्यूएनएच चुकल्यावर कळते, आणि सिममध्ये हे एकदा मुद्दाम करून बघाच. समजा खरा क्यूएनएच ९९८ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) आहे आणि तुम्ही स्टँडर्ड १०१३ वरच राहिलात. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट धरले, तर १५ हेक्टोपास्कलला ४०० फूट होतात. बॅरो अल्टिमीटर तेवढी उंची जास्त दाखवणार. तुमचं मिनिमम धावपट्टीपेक्षा २०० फूट वर असेल, तर ‘मिनिमम्स’ येणारच नाही; चाकं टेकतील तेव्हाही अल्टिमीटर त्या आकड्याच्या वरच असेल. पण ‘फिफ्टी, फोर्टी, थर्टी’ अगदी वेळेवर येतील, कारण दाबाशी त्यांचा संबंधच नाही. क्यूएनएच १०२८ असताना हीच चूक केली, तर ‘मिनिमम्स’ ६०० फुटांवरच ऐकू येईल. अशा वेळी ॲड-ऑनमध्ये (सिममध्ये वेगळ्याने टाकलेल्या विमानात) बग आहे अशी तक्रार करण्याआधी क्यूएनएच बघावा.

दुसरी तपासायची जागा म्हणजे मिनिमम्सचा निवडक. बोइंग ७३७ मध्ये ईएफआयएस पॅनेलवर (वैमानिकासमोरच्या पडद्यांच्या नियंत्रण पट्टीवर) ‘रेडिओ’ आणि ‘बॅरो’ असे दोन पर्याय असतात. एअरबसमध्ये एमसीडीयूच्या (उड्डाणाची माहिती भरायच्या कीपॅड-पडद्याच्या) ॲप्रोच पानावर दोन वेगळ्या जागा असतात. आयएलएस म्हणजे रेडिओ संकेतांच्या मदतीने धावपट्टीवर उतरायची पद्धत; तिच्या साध्या कॅटेगरी १ ला बॅरो, आणखी खाली नेणाऱ्या कॅटेगरी २ ला सहसा रेडिओ. डेन्व्हरला बॅरोवर ठेवून ‘२००’ भरलं, तर ‘मिनिमम्स’ कधीच येणार नाही, कारण धावपट्टीच ५,४०० फुटांवर आहे. सगळीकडे रेडिओच का नाही? धावपट्टीआधी दरी असेल तर रेडिओ उंची अचानक वाढते, टेकडी असेल तर घटते. तिच्यावर निर्णय सोपवायचा तर ॲप्रोचखालची जमीन सपाट हवी.

रेडिओ उंची फक्त आवाजासाठी नसते, हेही लक्षात ठेवायला हवं. २५ फेब्रुवारी २००९ रोजी स्किपोलजवळ टर्किश एअरलाइन्सचं ७३७ कोसळलं, ९ जणांचा जीव गेला. डावा रेडिओ अल्टिमीटर हवेत असतानाच उणे ८ फूट दाखवत होता. ऑटोथ्रॉटलने (इंजिनांची शक्ती आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेने) विमान जमिनीला टेकत आहे असं धरून इंजिनांची शक्ती कमी केली, आणि वेग घटत गेल्याचं वेळेत ध्यानात आलं नाही.

सिमसाठी स्वतः कॉलआउटचा कोड लिहिणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. मिनिटाला ७०० फूट वेगाने उतरताना सेकंदाला जवळपास १२ फूट कमी होतात, त्यामुळे एखाद्या फ्रेममध्ये (सिमच्या एका चित्रात) उंची नेमकी ५० सापडेलच असं नाही. ‘मागच्या फ्रेमला ५० च्या वर, आता ५० किंवा खाली’ अशी अट लावावी, एकदा बोलल्यावर ती बंद करावी आणि विमान पुन्हा पुरेसं वर गेल्यावरच चालू करावी. नाहीतर आकड्याच्या आसपास विमान जरा वरखाली झालं की तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधलं ‘प्लेन ऑल्ट अबव्ह ग्राउंड’ हे चल (व्हेरिएबल) जमिनीपासूनची उंची विमानाच्या संदर्भबिंदूपासून मोजतं, चाकांपासून नाही. उभ्या विमानातही ते शून्य नसतं. तो फरक वजा केला नाही तर ‘टेन’ उशिरा येतं किंवा मोठ्या विमानात येतच नाही.