साडेअकराची गर्दी नऊ वाजताच तयार होते

सरकारी रुग्णालयातल्या मदत कक्षासमोरची रांग वाढली की दोनच उपाय सुचवले जातात: खिडकीत आणखी एक माणूस बसवा, नाहीतर बसलाय त्याला जरा हात चालवायला सांगा. पहिल्या उपायाला पद मंजूर करून घ्यावं लागतं, म्हणून दुसराच अमलात येतो. आणि नेमका तोच पुष्कळदा रांग वाढवतो. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामागचं गणित दहावीच्या पुढचं नाही.

नागपुरातलं एखादं मोठं सरकारी रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. इथं पेशंट फक्त शहरातला नसतो. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळपासून छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबादपर्यंतची माणसं येतात. सकाळच्या गाड्या आणि एसट्या रिकाम्या झाल्या की थोड्याच वेळात ओपीडीचं दार भरतं. यातले कित्येक त्या इमारतीत पहिल्यांदाच पाऊल टाकत असतात. "भाऊ, केसपेपर कुठी काढाचा जी?" हा मदत कक्षाचा दिवसातला पहिला प्रश्न. चाळिसावाही तोच.

रांगेचं शास्त्र सुरू झालं ते टेलिफोनमुळे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दाखवून दिलं, की कॉल कधी येईल हे सांगता येत नसलं तरी तासाला येणाऱ्या कॉलचा चढउतार एका ठरावीक नियमाने चालतो. कॉलच्या जागी माणूस आणि एक्स्चेंजच्या जागी खिडकी ठेवली की तेच गणित रुग्णालयात लागू पडतं.

समजा, खिडकीत एकच कर्मचारी आहे आणि एका माणसाला सरासरी २ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला ३० माणसं होऊ शकतात. प्रत्यक्षात किती येतात, त्याचं ३० शी प्रमाण म्हणजे खिडकीची व्यग्रता. तासाला १५ आले तर व्यग्रता निम्मी, आणि रांगेत सरासरी २ मिनिटं थांबावं लागतं. २४ आले तर ८ मिनिटं. २७ आले तर १८. साडेअठ्ठावीस आले तर ३८ मिनिटं! माणसं २७ वरून साडेअठ्ठावीसवर गेली, म्हणजे तासाला जेमतेम दीड वाढलं, आणि थांबणं दुपटीच्या वर गेलं. सूत्र असं: थांबण्याचा वेळ = एकाला लागणारा वेळ × व्यग्रता ÷ (१ − व्यग्रता). व्यग्रता १ च्या जवळ गेली की खालचा आकडा शून्याकडे जातो, बाकी सगळं त्यातून येतं. (चार तासांच्या ओपीडीत रांगेला एवढं वाढायला वेळ मिळत नाही, त्यामुळे टोकाचे आकडे गाठले जात नाहीत. पण चढण तीच.) म्हणून मदत कक्षातला माणूस अधूनमधून रिकामा दिसला तर साहेबांनी डोळे वटारू नयेत. तो रिकामा दिसतो म्हणूनच रांग दिसत नाही.

आता या गणितातली सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. वरच्या हिशोबात धरलं होतं की उत्तर मिळालं आणि माणूस गेला. तसं होत नाही. काही माणसं परत येतात: खोली सापडली नाही, सापडली तर बंद होती, तिथल्या सिस्टरने "आधी शिक्का मारून आणा" म्हणून परत पाठवलं. समजा, तासाला नवी माणसं २० च आहेत, पण खिडकीवरून गेलेल्या चारांपैकी एक परत येतो. परत आलेल्यांतलाही चौथा पुन्हा येतो, त्यातलाही चौथा पुन्हा. ही उतरती गुणोत्तर श्रेढी, तिची बेरीज २० ÷ ¾, म्हणजे खिडकीवर तासाला पावणेसत्तावीसच्या आसपास माणसं. कोणीच परतलं नसतं तर ४ मिनिटं थांबावं लागलं असतं, आता १६ मिनिटं लागतात. आणि तिघांपैकी एक परतायला लागला तर? २० ÷ ⅔ = ३०. खिडकीची क्षमताही ३०. खिडकी बुडाली. नवा माणूस एकही वाढला नाही, गर्दी बाहेरून आलीच नाही, ती खिडकीनेच तयार केली.

"हात चालवा" हा हुकूम इथं अंगाशी येतो. घाईघाईत दीड मिनिटात उत्तर देणारा कर्मचारी घ्या, त्याचे १०० पैकी ४० परत येतात. दुसरा २ मिनिटं घेतो, पण त्याचे ५ च परततात. वहीत पहिला जलद दिसतो. खरा हिशोब वेळेला न परतणाऱ्यांच्या प्रमाणाने भागून करायचा. पहिल्याचं १.५ ÷ ०.६ = २.५ मिनिटं. दुसऱ्याचं २ ÷ ०.९५ = २.१ मिनिटं. तासाला २० नवी माणसं धरली तर पहिल्याच्या रांगेत दर खेपेला साडेसात मिनिटं जातात, आणि खेपा सरासरी पावणेदोनच्या आसपास, म्हणजे एकूण साडेबारा मिनिटं. दुसऱ्याकडे एका खेपेला पाच मिनिटांहून कमी, आणि बहुतेकांची खेप एकच. मात्र हे आंधळेपणाने करू नये. वाढवलेल्या त्या अर्ध्या मिनिटाची वसुली परतणारे ४० वरून २० च्या खाली आले तरच होते, नाहीतर ते अर्धं मिनिट नुसतं गोड बोलण्यात गेलं.

शिवाय परतणारा माणूस लगेच परतत नाही. दुसऱ्या मजल्यावर जाणार, तिथं तासभर बसणार, नंबर आल्यावर कळणार की ही खोली नव्हेच. त्यामुळे नऊ वाजताची अर्धवट उत्तरं साडेअकराला खिडकीवर येऊन उभी राहतात, नेमकी ओपीडी बंद व्हायच्या घाईत. "अकरानंतर फार लोक येतात" अशी तक्रार ऐकली तर आधी विचारावं, येतात की परत येतात?

तर ते अर्धं मिनिट घालवायचं कुठं?

पहिले दहा सेकंद कागद बघण्यात. नवखा माणूस जो प्रश्न विचारतो तो बहुतेकदा त्याचा प्रश्न नसतोच. तो विचारतो "एक्सरे कुठी?", आणि हातातल्या चिठ्ठीवर तालुक्याच्या डॉक्टरने त्याला आधी हाडांच्या विभागात दाखवायला लिहिलेलं असतं. एक्सरेची खोली बरोबर सांगितली तरी उत्तर चुकलंच. म्हणून "काय पाहिजे?" ऐवजी "कागद दाखवा काकाजी" हे पहिलं वाक्य हवं.

नंतर सांगायचं कमी. "समोरून जा, डावीकडे वळा, जिना चढा, उजवीकडची तिसरी खोली, सही घ्या, खाली येऊन पैसे भरा" यात सात गोष्टी आहेत. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली मांडलं, की माणसाच्या चालू स्मृतीत एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. पोटात दुखतंय, कडेवर पोर आहे, मागून ढकलाढकली चालू आहे, अशा माणसाकडून चाराचीही अपेक्षा धरू नये. फक्त पुढची एक पायरी सांगायची, बाकीचं चिठ्ठीवर. चिठ्ठी तळहाताएवढी, तिच्यावर मजला, खोली क्रमांक आणि तिथं काय मागायचं, एवढंच. विभागाचं नाव पाटीवरचं नको, माणसांच्या तोंडातलं हवं. "अस्थिव्यंगोपचार" वाचून कोणी हाडाच्या डॉक्टरकडे पोहोचत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी खोलीचा आकडा मोठा आणि पाटीवर आहे तसाच काढायचा. पाटीवर इंग्रजी आकडा आणि चिठ्ठीवर देवनागरी असला की झाला घोळ.

शेवटचे दहा सेकंद उलट विचारण्यात. "समजलं ना?" असं विचारू नये, कारण त्याला सगळे हो म्हणतात. "आता कुठी जासान, सांगा बरं" असं विचारावं. चुकलेलं तिथल्या तिथं दुरुस्त होतं, तासाभराने नाही.

तपासणीच्या पूर्वतयारीसाठी मात्र चिठ्ठीवर एक जास्तीची ओळ द्यावीच. उपाशीपोटी साखर तपासायची तर आठ तास पोटात काही नको, पाणी चालतं. पण "उद्या सकाळी रक्त द्या" एवढंच ऐकून गेलेला माणूस रात्रीच्या प्रवासानंतर उतरल्या उतरल्या तर्री-पोहे खाऊन येतो, आणि त्याची खेप एका तासाने नाही, एका दिवसाने वाढते. सोनोग्राफीत तर दोन उलट सूचना असतात. पित्ताशय बघायचं तर पोट रिकामं हवं, गर्भाशय बघायचं तर पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं हवं. नुसतं "सोनोग्राफी" लिहिलेल्या कागदावरून मदत कक्षाने अंदाज करू नये.

जुना, अनुभवी कर्मचारी इथं हमखास चुकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. "जुन्या कॅज्युअल्टीच्या मागे" हा पत्ताही तसाच टकटक आहे.

रांगेला आणखी एक गोष्ट नडते: कामांची विषमता. दहापैकी नऊ जणांचा प्रश्न अर्ध्या मिनिटाचा, आणि दहाव्याचं मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचं प्रकरण, रेशन कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, त्याला १५ मिनिटं. सरासरी दोन मिनिटांच्या आतच. तासाला २० माणसं धरली तर व्यग्रता फक्त ६५ टक्के, तरी थांबणं ११ मिनिटांच्या जवळ जातं. प्रत्येकाला तेवढीच सरासरी वेळ समान लागली असती तर २ मिनिटांपेक्षा कमी. हे पोलाचेक आणि खिंचिन या गणितज्ञांचं १९३० च्या सुमाराचं सूत्र सांगतं. त्यात सेवेच्या वेळेच्या वर्गाची सरासरी येते, आणि १५ चा वर्ग २२५ होतो, सगळा गोंधळ त्या वर्गाचा. दुसरा माणूस मिळालाच तर त्याला फक्त अशी लांब प्रकरणं द्यावीत. अर्ध्या मिनिटाच्या प्रश्नांना मग थांबावंच लागत नाही म्हटलं तरी चालेल (सरासरी तीन सेकंदांच्या आत), आणि लांब प्रकरणवाल्याला साडेसात मिनिटं. दोघांनी मिळून एकच रांग चालवली असती तरी सर्वांची मिळून सरासरी जवळपास तेवढीच येते. बदलतं ते कोण थांबतं.

तीन खिडक्यांपुढे तीन रांगा असल्या की मात्र आणखी एक शास्त्र सुरू होतं: "मी उभा राहतो तीच रांग अडते, साडेसाती चालू आहे." तीन सारख्या रांगांत आपली सर्वांत जलद असण्याची शक्यता तीनात एक. तीनपैकी दोन वेळा शेजारची कोणती तरी पुढे सरकणारच, शनी कुठंही असो. तिन्ही खिडक्यांना मिळून एकच रांग केली की ही तक्रार संपते आणि खिडकीवरचं लिंबू-मिरचीही काढता येतं. हल्ली लिंबू-मिरचीच्या जागी "एआय" लिहिलेला टचस्क्रीन उभा करतात. त्यालाही तोच प्रश्न विचारावा: यावरून गेलेल्यांतले किती जण वळून खिडकीवर येतात?

आणि हे मोजायला सॉफ्टवेअर लागत नाही. पहिल्यांदा आलेल्याच्या केसपेपरच्या कोपऱ्यात स्केचपेनने एक ठिपका द्यायचा, केसपेपर नसेल तर चिठ्ठीवर. तोच कागद पुन्हा समोर आला तर दुसरा ठिपका, आणि वहीत एका अक्षरात कारण: खो म्हणजे खोली सापडली नाही, का म्हणजे कागद कमी, बं म्हणजे बंद, चु म्हणजे चुकीचा विभाग. दिवसभरात जेवढे ठिपके दिले त्यांत पहिल्या ठिपक्यांखेरीज बाकीचे किती, तेच परतण्याचं प्रमाण. आठवडाभर मोजावं, कारण सोमवारचा दिवस गुरुवारसारखा नसतो. "खो" जास्त निघाले तर पाटी बदलायची, "बं" जास्त निघाले तर त्या विभागाच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ चिठ्ठीवर छापायची, "का" जास्त निघाले तर कागदांची यादी खिडकीच्या आत न लावता रांगेच्या शेपटीला लावायची, म्हणजे थांबलेला माणूस थांबता थांबता झेरॉक्स काढून येईल.

एक फसगत ध्यानात ठेवावी. कक्ष सुधारला की एरवी गार्डला नाहीतर चहावाल्याला विचारणारेही इकडे येऊ लागतात, आणि रांग पुन्हा पूर्वीएवढी दिसते. तेव्हा लांबी बघायची नाही, ठिपके मोजायचे.