पार्श्वभूमी : एका वायफाय फाइलची अठरा वर्षं

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, टचपॅड चालतोय, आवाज येतोय, पण वरच्या कोपऱ्यात वायफायची यादीच येत नाही. ही तक्रार आता बरीच कमी झाली आहे. तिच्यावरचे जुने उपाय मात्र अजून फिरताहेत, आणि कुठला उपाय कुठल्या काळातला हे कळत नसल्यानं लोक दोन-दोन रात्री वाया घालवतात. कुणी आजही ‘एनडिसरॅपर’ टाकायला सांगितलं, तर तो सल्ला वीस वर्षांपूर्वीचा समजावा.

तेव्हा तो योग्यच होता. लॅपटॉपमध्ये वायफाय सर्रास येऊ लागलं, पण काही चिप कंपन्यांनी लिनक्ससाठी ड्रायव्हरही (चिपला चालवणारा प्रोग्रॅम) दिला नाही आणि माहितीही दिली नाही. मग विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचा जुगाड म्हणजे एनडिसरॅपर. दुसरी वाट उलट अभ्यासाची होती: एका गटानं चिप कशी वागते ते लिहून काढायचं, दुसऱ्यानं फक्त ते टिपण वाचून ड्रायव्हर लिहायचा. अशा रीतीनं तयार झालेला ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) २.६.१७ मध्ये आला, आणि त्याची सुधारित आवृत्ती ‘बी४३’ २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ मध्ये. त्याच सुमारास उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या फुकट सीडी पोस्टानं घरी यायच्या (२०११ मध्ये ते बंद झालं). सीडी आल्याचा आनंद वायफायपाशी येऊन थांबायचा.

कारण ड्रायव्हर मिळाला तरी फर्मवेअर उरायचंच, आणि खरा गोंधळ या दोन शब्दांत आहे. ड्रायव्हर आपल्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम. कार्डावर कायमची मेमरी बसवण्याचा खर्च वाचावा म्हणून बऱ्याच कंपन्या ही फाइल दर वेळी मशीन सुरू होताना संगणकाकडून मागून घेतात. फाइल नसली की कार्ड ओळखलं जातं, ‘एलएसपीसीआय’ या कमांडनं येणाऱ्या हार्डवेअरच्या यादीत दिसतं, पण काम करत नाही. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) फर्मवेअर लोड न झाल्याची ओळ दिसली, तर ड्रायव्हर शोधत बसू नये. बी४३ च्या वेळी तर ही फाइल विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढणारं वेगळं साधनच होतं.

आता लिनक्सबरोबरच ती फाइल आधीपासून का देत नव्हते? कारण तिचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, बंदिस्त होता. इतरांनी दिली; उबुंटूनं लवकरच दिली, फेडोरा या दुसऱ्या प्रकारानं फर्मवेअरपुरता अपवाद केला. अडून बसलं डेबियन, सभासदांच्या मतदानानं मोठे निर्णय घेणारा लिनक्सचा प्रकल्प. त्यांच्या जाहीरनाम्यात पूर्वी ‘शंभर टक्के मुक्त सॉफ्टवेअर’ (ज्याचा स्रोत वाचता-बदलता येतो असं) हे वचन होतं. एप्रिल २००४ मध्ये, ‘संपादकीय दुरुस्त्या’ अशा निरुपद्रवी नावाच्या मतदानानं त्यातला ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द गेला, नुसतं ‘शंभर टक्के मुक्त’ उरलं. मग त्या वचनाखाली दस्तऐवजही आले, फर्मवेअरही आलं. ‘हे सॉफ्टवेअरच नाही’ म्हणायची सोय संपली. इतकी खळबळ उडाली की अंमलबजावणी पुढे ढकलायला लगेच दुसरं मतदान घ्यावं लागलं. २००६ आणि २००८ मध्येही त्या-त्या आवृत्तीपुरती सवलत मतदानानंच मिळाली. फेब्रुवारी २०११ च्या ‘स्क्वीझ’ या आवृत्तीपासून मात्र कर्नलमधून ही फर्मवेअर बाहेर काढली गेली.

त्यानंतरचा इन्स्टॉलर ज्यांनी पाहिलाय त्यांना तो पडदा आठवेल: तुमच्या हार्डवेअरला नॉन-फ्री फर्मवेअर लागतं, खाली फाइलचं नाव, आणि ती यूएसबी किंवा फ्लॉपीवरून देता का, हो की नाही? फ्लॉपी! फाइल आणायला इंटरनेट हवं, इंटरनेटला वायफाय हवं, वायफायला ती फाइल हवी. किल्ली घरात आणि दार बाहेरून लागलेलं. त्यात ‘नॉन-फ्री’ वाचून आपल्याकडचे कित्येक जण ‘पैसे भरावे लागतात वाटतं’ म्हणून मागे फिरले. मराठीत मुक्त वेगळं, फुकट वेगळं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. ही फाइल फुकट होती, मुक्त नव्हती. फर्मवेअरसकटची प्रत प्रकल्पाच्याच सर्व्हरवर होती, पण ‘अनधिकृत’ नावाच्या फोल्डरमध्ये, ठाऊक असणाऱ्यालाच सापडेल अशी.

तत्त्ववाल्यांची बाजू पोकळ नव्हती: ज्याचा स्रोत वाचता येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही. पण तोच बंदिस्त कोड कारखान्यात चिपवर कोरून आला तर चालतो आणि डिस्कवरून आला तर बाटतो, हे मला कधी पटलं नाही. २०२२ पर्यंत पातळ लॅपटॉपमधून इंटरनेटच्या केबलचं भोकही गेलं. काही नव्या मॉडेलांत आवाजालाही फर्मवेअर लागू लागलं, म्हणजे ऐकून इन्स्टॉल करणाऱ्या अंध व्यक्तीला सुरुवातच करता येईना. त्या वर्षी डेबियननं यावर पुन्हा मतदान घेतलं. मतपत्रिकेवर सहा पर्याय होते. जिंकलेल्या पर्यायानं जाहीरनामाच बदलला, आणि त्यासाठी तिपटीचं बहुमत लागत होतं. १० जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असतं; नको असेल त्यानं बूट करताना ‘फर्मवेअर=नेव्हर’ लिहावं.

उरलेले अडथळे वेगळ्या घराण्यातले. ‘आरएफकिल लिस्ट’ या कमांडमध्ये ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ दिसलं तर लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बटण बघा; माझी एक अख्खी संध्याकाळ त्या खटक्यानं खाल्ली आहे. चिप कर्नलपेक्षा नवी असेल तर नवा कर्नल. कर्नलबाहेर बांधलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा) सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड रोखणारी मशीनची सोय, अडवत असेल तर सहीची किल्ली नोंदवा. तोवर अँड्रॉइड फोन यूएसबी टेदरिंगला जोडा. संगणकाला तो केबलसारखा दिसतो, फर्मवेअर मागत नाही.

आणि डेबियन ११ वरून १२ वर चढवलेल्या मशीनवर ‘सोर्सेस’च्या फाइलमध्ये (सॉफ्टवेअर कुठून आणायचं त्याची यादी) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा शब्द आहे का ते पाहा. तो नसेल तर वायफाय चालू दिसतं, पण त्याची फाइल जुनीच राहते.